सीईटी सुटली, करार कायदा अडला: एलएलबीच्या पहिल्या वर्षाचं एक प्रकरण

ज्या विद्यार्थिनीबद्दल हे लिहितो आहे ती बी. कॉम. झालेली. बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. पदवीनंतर एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करत तिने तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, चांगले गुण मिळवले आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात प्रवेश घेतला. पहिल्या सत्रातल्या करार कायद्याच्या चाचणीत तिला वीसपैकी सहा गुण पडले. तो विषय मीच शिकवत होतो आणि पेपरही मीच तपासला होता. तिच्या परवानगीने हे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

सहा गुण म्हणजे अभ्यास झालेला नाही, असा सरळ अर्थ कोणीही लावेल. इथे तो लागू पडत नाही. वर्गात तिच्याइतका नियमित अभ्यास करणारं दुसरं कोणी नव्हतं आणि पाठांतर तर चोख होतं. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. मन लावून अभ्यास करणारी मुलं पहिल्या सत्रात गळपटतात आणि "लॉ आपल्याला जमणारं नाही" असं ठरवून मोकळी होतात. त्यातल्या पुष्कळांचं दुखणं हिच्यासारखंच असतं.

प्रवेशाआधी काय झालं

महाराष्ट्राच्या तीन वर्षांच्या विधी सीईटीत 2025पासून 120 प्रश्न असतात, वेळ दोन तास. विधी अभियोग्यतेचे 24, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे 32, तर्कक्षमतेचे 24 आणि इंग्रजीचे 40. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. या रचनेतच तयारीची दिशा ठरून जाते: सामान्य ज्ञान घोटायचं, सराव परीक्षा देऊन वेग वाढवायचा आणि शेवटच्या काही मिनिटांत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तिने नेमकं हेच केलं. कायद्याच्या भागासाठी लॅटिन सूत्रं, रिटचे पाच प्रकार, मूलभूत हक्कांची कलमं, गाजलेल्या खटल्यांची नावं आणि त्यांची वर्षं पाठ केली. केशवानंद भारती म्हटलं की 1973, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, मूलभूत संरचना. पर्याय समोर आला की बोट बरोबर त्याच्यावर जायचं.

परीक्षा म्हणून ही तयारी योग्यच होती. त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण चार पर्यायांतून बरोबर ओळखणं हे एक कौशल्य आहे आणि कोऱ्या पानावर एखाद्या माणसाचा तंटा सोडवून दाखवणं हे वेगळंच. सीईटी पहिलं तपासते, एलएलबी दुसरं मागते. या दोन्हींच्या मधे पूल बांधायला जागा असते ती प्रवेशाच्या काळात, आणि ती जवळजवळ सगळ्यांचीच वाया जाते. परीक्षा झाल्यावर निकाल, मग कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या, पसंतीक्रमाचा अर्ज, कागदपत्रांची पडताळणी असे कित्येक आठवडे जातात. तिचा बहुतेक वेळ पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मिळवण्यात आणि कोणत्या फेरीत कोणतं कॉलेज लागेल याची गणितं मांडण्यात गेला. कायद्याचं एकही मूळ पान त्या काळात तिने उघडलं नव्हतं. उघडायचं असतं हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

चाचणीचा प्रश्न आणि तिचं उत्तर

प्रश्न साधा होता. एका उद्योजकाची कागदपत्रांची बॅग टॅक्सीत राहते. तो आपल्या ड्रायव्हरला शोधायला पाठवतो आणि ड्रायव्हर तयार होऊन निघतो. संध्याकाळी उद्योजक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो, "बॅग आणून देणाऱ्याला 10,000 रुपये." ड्रायव्हर त्या ग्रुपमध्ये नाही. रात्री त्याला बॅग सापडते, तो ती आणून देतो. दुसऱ्या दिवशी बक्षिसाची गोष्ट कानावर येते तेव्हा तो पैसे मागतो. (अ) त्याला ते मिळतील का? (ब) बॅग सापडण्याआधी त्याने तो मेसेज पाहिला असता, तर उत्तर बदललं असतं का?

तिचं उत्तर दोन पानं भरून होतं, अक्षर सुरेख. पहिल्या पानावर भारतीय करार अधिनियम, 1872च्या कलम 2मधल्या व्याख्या: प्रस्ताव, वचन, करार, संविदा (म्हणजे कायद्याने बंधनकारक करार). मग कलम 10खाली वैध संविदेच्या आवश्यक बाबी, क्रमवार. दुसऱ्या पानावर कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल (1893), बाल्फोर विरुद्ध बाल्फोर (1919) आणि लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त (1913), प्रत्येकाखाली एकेक ओळ. सगळ्यात शेवटी, "म्हणून ड्रायव्हरला बक्षीस मिळणार नाही." ड्रायव्हरचा उल्लेख पहिल्यांदा आणि अखेरचा तिथेच. (ब) भागाला हातच लावला नव्हता.

पेपर हातात पडल्यावर ती स्टाफरूममध्ये आली. "सर, कलमं चुकली आहेत का?"

"एकही नाही."

"मग?"

मी तिला बाल्फोरचा खटला या उत्तरात कशासाठी आणला ते विचारलं. तो नवराबायकोतल्या खर्चाच्या बोलीचा खटला; कायदेशीर बंधन निर्माण करायचा हेतू नव्हता, म्हणून दावा टिकला नाही. ड्रायव्हर आणि मालक यांच्यात त्याचा संबंध कुठे येतो? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "धड्यात तो आहे, म्हणून लिहिला."

तिचा सगळा अभ्यास या एका वाक्यात उघडा पडला. धड्यात जे आहे ते सगळं पानावर यायला हवं, म्हणजे त्यातलं जे लागू पडतं तेही आपोआप येईल, अशी ती पद्धत होती. पण कोर्टापुढे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला धडा नको असतो, पैसे मिळणार की नाही हे हवं असतं. आणि ते का, हे समोरच्या बाजूला पटवून द्यावं लागतं.

लालमन शुक्ल मुळातून

मी तिला व्याख्यान दिलं नाही. लालमन शुक्लच्या निकालपत्राची छापील प्रत हातात दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा तो निकाल अगदी छोटा आहे, जेमतेम दोन-तीन पानं. पहिल्या सत्रातल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिलं निकालपत्र म्हणून इतकं चांगलं दुसरं मला माहीत नाही. गाईडमध्ये त्याचं सार एका ओळीत असतं: प्रस्तावाची माहिती नसेल तर स्वीकृती होत नाही. वाक्य बरोबर आहे. पण मूळ निकालात एवढंच नाही.

गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला होता. लालमन हा त्यांच्या पेढीवरचा मुनीम. मालकाने त्याला मुलाच्या शोधात हरिद्वारकडे पाठवलं. तो गेल्यानंतर मालकाने पत्रकं काढली, मुलगा शोधून देणाऱ्याला 501 रुपये बक्षीस. मुनीमाला मुलगा सापडला. तेव्हा त्याने बक्षिसाचा आग्रह धरला नाही, नोकरी चालू ठेवली. पुढे नोकरीवरून काढल्यावर त्याने दावा लावला. दावा फेटाळला गेला.

दोन दिवसांनी ती प्रत घेऊन परत आली. समासात पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहिले होते आणि एका परिच्छेदाभोवती चौकट काढली होती. "सर, यात कारणं दोन आहेत. गाईडमध्ये एकच दिलंय."

बरोबर होतं. माहिती नसताना स्वीकृती नाही, हे एक कारण. दुसरं असं की, मुलाला शोधणं हे मुनीमाचं रोजचं काम नसलं तरी जायला तयार होऊन त्याने ती जबाबदारी आधीच अंगावर घेतली होती. जे करायला तो आधीच बांधलेला होता, ते पुन्हा बक्षिसाच्या बदल्यातलं प्रतिफल, म्हणजे करारातला मोबदला, ठरू शकत नाही. माझ्या प्रश्नाचा (ब) भाग या दुसऱ्या कारणावर उभा होता. ड्रायव्हरने मेसेज पाहिला असता तर पहिली अडचण दूर झाली असती, दुसरी तशीच राहिली असती. ज्याने एक ओळीचं सार पाठ केलं आहे त्याला (ब) सुटूच शकत नाही. कितीही जागरण करा, त्या एका ओळीत ते उत्तर नाहीच.

हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचा अभ्यासच बदलला. मी सांगितलं म्हणून बदलला असता तर तो आठवडाभरात जुन्या वळणावर गेला असता. कागदावर चौकट तिने स्वतः काढली होती, म्हणून टिकला.

वहीत काय येऊ लागलं

त्यानंतर प्रत्येक निकालासाठी ती वहीत एक पान ठेवू लागली. कोण कोणाकडून काय मागतो आहे. काय घडलं, घडलं त्या क्रमाने. न्यायाधीशांना नेमका कोणता प्रश्न सोडवायचा होता. तो कोणत्या कारणाने सुटला. आणि पानाच्या तळाशी एक ओळ, जी मला सगळ्यात मोलाची वाटते: यातली कोणती गोष्ट वेगळी असती तर निकाल उलटा लागला असता? सगळं मराठीत, स्वतःच्या शब्दांत. इंग्रजी निकालातलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं नाही, असा नियम तिने स्वतःच केला. उतरवलं की समजल्यासारखं वाटतं, आणि तो भास फार महागात पडतो.

मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) 1903च्या निकालाचं पान मी पाहिलं. गाईडमध्ये त्याचं सार "अज्ञानाशी केलेली संविदा शून्य" एवढंच, म्हणजे अल्पवयीनाशी केलेला करार रद्दबातल. तिच्या पानावर याखेरीज होतं की, सावकाराच्या वकिलाला कर्जदार अज्ञान आहे हे ठाऊक होतं, म्हणून "त्याने वय लपवून आम्हाला फसवलं" हा बचाव चालला नाही. दिलेले पैसे परत मिळावेत ही मागणीही नाकारली गेली. तळाशी तिने लिहिलं होतं: वकिलाला माहीत नसतं आणि मुलाने खोटं वय सांगितलं असतं तर? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला हा प्रश्न स्वतःहून पडणं म्हणजे ती कायदा शिकू लागली, असं मी समजतो.

दुसरा बदल बेअर ॲक्टचा, म्हणजे कुठल्याही भाष्याशिवाय छापलेल्या मूळ कायद्याच्या पुस्तकाचा. तोवर तो तिच्या दप्तरात होता, पण फक्त कलम क्रमांक पडताळण्यापुरता. करार अधिनियमात कलमांखाली उदाहरणं दिलेली आहेत. कलम 4खाली पाहा: क हा ख ला पत्र लिहून घर विकण्याचा प्रस्ताव ठेवतो, पत्र ख च्या हाती पडतं तेव्हा प्रस्तावाचं संप्रेषण पूर्ण होतं. माणसं, घटना, आणि त्यावर कायद्याचं उत्तर, तेही दोन ओळींत. परीक्षेतला प्रॉब्लेम याच घाटाचा असतो. कायदा करणाऱ्यांनी स्वतःच उत्तर कसं द्यायचं ते दाखवून ठेवलं आहे, आणि नोट्स छापताना बहुतेक वेळा नेमकी उदाहरणंच गाळली जातात. मी तिला पहिली 75 कलमं फक्त उदाहरणांसाठी वाचायला सांगितली. उदाहरणावर हात ठेवायचा, आधी स्वतः उत्तर सांगायचं, मग हात काढायचा.

फौजदारी कायद्यात वेगळाच घोळ झाला. तिने वरच्या वर्गातल्या मुलीकडून जुनं पुस्तक घेतलं होतं, भारतीय दंड संहितेचं. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. 511 कलमांच्या जागी 358. खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं. नव्या संहितेतही 302 आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांबद्दल. जुन्या सवयीने "302 खाली शिक्षा" लिहिणाऱ्याचं उत्तर त्यामुळे भलत्याच गुन्ह्यावर जातं. पण जुनं पुस्तक फेकूनही चालत नाही. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागू होते आणि अभ्यासातले बहुतेक निकाल जुन्या क्रमांकांवरच आहेत. तिने जुन्या पुस्तकाच्या समासात नवे क्रमांक लिहून घेतले. पैसे वाचवायला जुनी पुस्तकं घेणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच आठवड्यात करावं.

वेळेचा प्रश्न

एक गोष्ट मला आग्रहाने मांडायची आहे. तीन वर्षांची एलएलबी नोकरी सांभाळून सहज होते, असा समज घेऊन फार जण येतात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार 70 टक्के हजेरी लागते आणि 2024मध्ये कौन्सिलने नोकरीची माहिती जाहीर करणंही बंधनकारक केलं. पण हजेरी ही कमी महत्त्वाची बाजू. सकाळी कॉलेज, मग संध्याकाळपर्यंत विवरणपत्रं, रात्री जेवण झाल्यावर इंग्रजी निकालपत्र. अशा थकलेल्या डोक्याला गाईडची एक ओळच आपली वाटते. तिच्या पाठांतराचं मूळ निम्मं इथे होतं. घरची परिस्थिती पाहता नोकरी सोडणं शक्य नव्हतं. तिने मालकांशी बोलून पहिल्या सत्रापुरतं अर्धवेळ काम मागून घेतलं, पगारही अर्धा. प्रत्येकाला हे जमेल असं नाही. जमत असेल त्याने ते शेवटच्या सत्रासाठी राखून न ठेवता पहिल्या सत्रात करावं, कारण वाचायची सवय लागते ती तेव्हाच.

भाषेचं म्हणाल तर, तिच्या विद्यापीठात उत्तरं मराठीत लिहायची मुभा होती आणि तिने ती घेतली. यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांचं काम मराठीत चालतं. मात्र वाचन इंग्रजीतूनच करावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आता मराठी अनुवादात मिळतात, ई-एससीआर या त्याच न्यायालयाच्या संकेतस्थळावर मूळ निकाल मोफत आहेत, इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर कायदे आहेत. पण लालमन शुक्लसारख्या जुन्या निकालांसाठी इंग्रजीला पर्याय नाही. सुरुवातीला एका पानाला तिला तासभर लागायचा. सत्र संपेपर्यंत वेग वाढला, तरी वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांइतका झाला नाही. सीईटीत इंग्रजीचे 40 गुण असूनही तिने तो भाग शब्दार्थ आणि व्याकरणाच्या जोरावर काढला होता. सलग उतारे वाचले नव्हते. त्याची किंमत इथे मोजावी लागली.

निकाल

सत्र परीक्षेत करार कायद्यात ती चांगल्या गुणांनी पास झाली, अपकृत्य कायद्यातही (टॉर्ट, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्याबद्दलच्या भरपाईचा कायदा). कामगार कायद्यात एटीकेटी लागली. नवी पद्धत सगळ्या विषयांना एकदम लावायला वेळ पुरला नाही आणि तो विषय मागे पडला. दुसऱ्या सत्राबरोबर तो सुटला.

तिच्या वर्गातल्या काही मुलांनी शेवटच्या पंधरा दिवसांत गाईड वाचून सगळे विषय एका फटक्यात काढले. हे मी लपवणार नाही. विद्यापीठाच्या पेपरात व्याख्यांचे, टिपांचे प्रश्न असतात आणि पाठांतरावर पास होता येतं. तिने मला हे विचारलंच: "त्यांना केटी नाही, मला आहे. मग माझी पद्धत बरोबर कशी?" मी तिला पुढच्या परीक्षेचं सांगितलं. वकिलीसाठी द्यावी लागणारी ऑल इंडिया बार परीक्षा बेअर ॲक्ट जवळ ठेवून देता येते, टीपा-टिप्पण्या नसलेला कोरा. ज्याने कायद्याचं मूळ पुस्तक कधी उलगडलंच नाही, त्याला तिथे पुस्तक हाती असूनही कलम सापडत नाही. आणि त्याच्याही पुढे पक्षकार समोर बसतो, तो आपली हकीकत सांगतो, धड्याचं नाव सांगत नाही. हा मामला करारातला की अपकृत्यातला, हेही आपल्यालाच ओळखावं लागतं.

गाईड तिनेही टाकून दिलं नाही. आधी निकाल आणि बेअर ॲक्ट, मग स्वतःचं पान, आणि परीक्षेच्या आधी उजळणीला गाईड, असा क्रम ठेवला. चौघींनी मिळून दर शनिवारी एक प्रॉब्लेम सोडवायला सुरुवात केली: दोघी वादीच्या बाजूने, दोघी प्रतिवादीच्या, पुढच्या शनिवारी बाजू बदलून. मला विचाराल तर पहिल्या वर्षातला सर्वांत उपयोगी तास हाच. समोरची मैत्रीण "पण त्याला माहीत होतं ना!" म्हणून अडवते तेव्हा अर्धवट समजलेलं सगळं उघडं पडतं, आणि चाचणीत गुण जाण्याआधी पडतं.

या वर्षी प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये अडकलेल्या मुलांना मी आता सीईटी झाल्याबरोबर करार अधिनियमाचा बेअर ॲक्ट आणि लालमन शुक्लची प्रत देतो, आणि ड्रायव्हरच्या त्या प्रश्नाच्या दोन्ही भागांचं उत्तर लिहून आणायला सांगतो. पहिल्या वेळी बहुतेक जण व्याख्यांपासून सुरुवात करतात. कॉलेज सुरू व्हायला अवकाश असतो, गुण कोणाचेच जात नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा लिहायला सांगता येतं.

तिचं इंग्रजी वाचन अजून संथ आहे आणि उच्च न्यायालयात काम करायचं ठरवलं तर तो अडथळा राहील; त्यावर तिने रोज एक निकाल मोठ्याने वाचायला घेतला आहे. सुट्टीत तिने भारतीय साक्ष्य अधिनियमाची (पुराव्याच्या कायद्याची) 170 कलमं वाचायला घेतली आहेत, तशीच उदाहरणांवर हात ठेवून.